कोपऱ्यातली पांढरी गाडी

शोरूममध्ये गाड्या टिकत न्हाईत, किस्से टिकतात! गाडी विकली की हार घालून गेटबाहेर जाते. किस्सा मात्र चहाच्या टेबलावर मुक्कामाला बसतो. धाराशिवला हायवेच्या कडेला आमचं शोरूम होतं, तेव्हा तर रोज एखादा नवा किस्सा यायचा.

आता मी सोलापूरच्या मोठ्या शोरूमला आहे. एसी आहे, कॉफीचं मशीन आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर सगळं बघूनच येतंय आणि दहा मिनिटांत बुकिंग करून जातंय. धंदा जोरात! पण कुणी बसत न्हाय, बोलत न्हाय. खरं सांगतो, मला इथं अजून करमत न्हाय.

धाराशिवला मागचे सर्व्हिसिंगचे मेकॅनिक सोडले तर आम्ही तिघंच. मॅनेजर भोसलेसाहेब पुण्याचे, टेस्ट ड्राइव्ह देणारे रहीममामा, आणि सेल्सला मी, दत्ता.

*

आमच्याकडं गाडी बघायला एकटा माणूस कधी आलाच न्हाय. एकदा लोहाऱ्याकडचं एक घर आलं, आजीपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळं. भोसलेसाहेब तेव्हा नवीन होते. मला बाजूला घेऊन म्हणले, "यात गिऱ्हाईक नक्की कोण?"

म्हणलं, "साहेब, मुलगी बघायला आलेत असं समजा. फक्त पोहे द्यायचे न्हाईत."

आजीनं गाडीला चारी बाजूंनी फिरून बघितलं. दार उघड-झाक केलं, सीटवरून हात फिरवला. मग साहेबांकडं वळून म्हणली, "दिसायला बरी हाय. आता जरा चालून दाखवा म्हणावं!"

रहीममामांनी हसू दाबत आवारात एक फेरी मारून दाखवली. आजी म्हणली, "पसंत!"

*

एकदा साहेबांनी एका पाव्हण्याला किंमत सांगितली. "शोरूमची ही, आणि ऑन-रोड ही."

"दोन्हीत एवढा फरक कशाचा हो?"

"ऑन-रोड म्हणजे गाडी रोडवर आणायचा सगळा खर्च धरून."

पाव्हण्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "साहेब, आमच्या वस्तीला रोडच न्हाय! चिखलातनं जातो आमी. मग रोडचं पैसं कशाला घेता?"

साहेब पाणी प्यायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आलेच न्हाईत.

*

आणि मग विमलताई. तुळजापूरकडच्या, मोठ्या बागायतदाराच्या घरच्या. त्यांचे यजमान महादेवअण्णा मोठी गाडी सर्व्हिसिंगला घेऊन यायचे, तेव्हा ताई बरोबर असायच्या. अण्णा मेकॅनिकच्या डोक्यावर उभे राहायचे. ताई सरळ कोपऱ्यात जायच्या. तिथं आमची एक छोटी पांढरी गाडी उभी असायची. ताई तिच्यात स्टेअरिंगपुढं बसायच्या, आरसा नीट करायच्या, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून समोर काचेतनं हायवेकडं बघत राहायच्या.

लायसन होतं त्यांच्याकडं! मुलीला ड्रायव्हिंग क्लासला घेऊन जायच्या. मुलगी कंटाळून चार दिवसांत घरी बसली. फी भरलेली, वाया कशाला घालवायची, म्हणून ताई स्वतःच शिकल्या.

मी एकदा विचारलं, "ताई, घेऊन टाका की. जायचंय कुठं पण?"

"दत्ताभाऊ, माझं माहेर सास्तूरला. जायचं म्हणलं की डायवर मोकळा पायजे, ह्यांची मर्जी पायजे. मनात आलं आन उठून निघाले, असं आजपातूर एकदाबी झालं न्हाय बघा. लई वाटतंय एकदा तसं निघावं."

तेवढ्यात अण्णा आले. "काय बसती गं त्या डबीत? आपल्या दारात शोभंल का ती? आन घरात गाडी हाय, डायवर हाय. तुला काय कमी हाय?"

ताई उतरल्या. जाता जाता मला हळूच म्हणल्या, "ठिवा हं. कुणाला देऊ नका."

आता शोरूममधली गाडी अशी कुणासाठी ठेवता येते का? पण मी "व्हय ताई" म्हणलो.

*

ठेवायची गरजच पडली न्हाय म्हणा. त्याच सुमारास सगळ्यांना उंच गाडी पायजे झाली. नोकरदार, शेतकरी, लॉजवाले, ज्याला त्याला उंचच! छोटीकडं कुणी ढुंकून बघंना. आणि आमच्या शोरूमच्या मालकांनाही तेच बरं होतं. मोठी गाडी विकली की चार पैसे सुटायचे, छोटीत हार-पेढ्याचा खर्चसुद्धा निघायची मारामार.

वरच्या ऑफिसातनं ऑनलाइन मीटिंग लागली. मोठे साहेब इंग्रजीत विचारायले, छोट्या गाड्यांचा सेल का पडला? भोसलेसाहेबांनी तक्ते दाखवले, टक्के सांगितले. मोठ्या साहेबांचं समाधान होईना. शेवटी मागनं रहीममामा चहा पीत पीत बोलले, "साब, छोटी में बैठे तो गल्लीवालों को दिखतेच नै!"

माईक चालू होता. पलीकडं सगळं ऑफिस हसलं. पण थोड्याच दिवसांत कंपनीनं ती छोटी गाडी बनवायचीच बंद केली.

*

तेरखेड्याचा एक फटाकेवाला मोठी गाडी घ्यायला आला, तो पोतं भरून माल घेऊनच. "साहेब, डिलिव्हरी म्हणजे आवाज पायजे!"

भोसलेसाहेब "नको नको" म्हणेपर्यंत त्यानं लावला की! असला दणका उठला की आवारातल्या सगळ्या गाड्यांचे अलार्म एकदम बोंबलायला लागले. साहेब कानांवर हात ठेवून किल्ल्या शोधायले. फटाकेवाला मात्र डोळे पुसत म्हणला, "रडू द्या साहेब. बहीण सासरी चालली त्यांची!"

*

ते हसणं पुढं फार दिवस टिकलं न्हाय. लोक गाडी बघायला आमच्याकडं यायचे आणि घ्यायला पुण्या-सोलापूरला जायचे. शोरूम परवडेना. मालकांनी बंद करायचं ठरवलं. भोसलेसाहेब म्हणले, "दत्ता, ती पांढरी महिनाअखेरीला पुण्याला पाठवून दे. तसली आता परत येणार नाही."

मी कोपऱ्यात जाऊन ताईंना फोन लावला. "ताई, गाडी चाललीय. हा शेवटचा पीस. आन शोरूमबी बंद होतंय."

 ताई नुसतं "बरं" म्हणल्या आणि फोन ठेवला. मला लई वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताई एकट्या एसटीनं हजर! "चेक आणलाय. दुधाचं पैसं हाय, माझं मी साठवलेलं. काढा गाडी."

पासिंग होऊन डिलिव्हरीचा दिवस आला तो नेमका आमच्या शोरूमचा शेवटचा. अण्णाही आले, मोठी गाडी घेऊन. तोंड फुगवून लांब उभे राहिले.

आमच्याकडची रीत अशी, की घरची बाई गाडीला ओवाळते आणि मालक स्टेअरिंगवर बसतो. इथं ताई आधीच सीट पुढं सरकवून आत बसलेल्या. आता ओवाळायचं कुणी? मी ताट धरून उभा. साहेब माझ्याकडं बघायले, मी रहीममामांकडं.

"द्या हिकडं," म्हणत अण्णांनी ताट घेतलं. जन्मात कधी केलं नसावं. कुंकू वाकडं लागलं, अक्षता निम्म्या खाली. ओवाळता ओवाळता त्यांचं लक्ष काचेतनं आत गेलं. ताईंनी पदर सावरला.

अण्णा ताट घेऊनच शेजारच्या सीटकडं आले आणि दाराला हात घातला. ताईंनी काच खाली केली.

"अहो, तुम्ही मोठी घेऊन या. आज मला एकटीला जाऊ द्या."

 चाकाखालचं लिंबू फुटलं. गाडीनं एक गचका खाल्ला, सावरली, गेटबाहेर गेली. घर डावीकडं होतं. गाडी उजवीकडं, सास्तूरच्या वाटेला वळली.

अण्णा तसेच उभे, हातातल्या ताटात दिवा जळत होता. गेटकडं बघतच म्हणले, "दत्ता, नव्या गाडीत पेट्रोल किती असतंय रे?"

"पंपापातूर जाईल एवढंच असतंय, अण्णा."

अण्णांनी ताट माझ्या हातात दिलं. खिशातनं पाकीट काढलं आणि आख्खं रहीममामांच्या हातावर ठेवलं.

"पळा मामा, पंपावर गाठा तिला. टाकी फुल्ल करा म्हणावं!"