एका हाताचं कुत्रं

जमादारला कुत्रं म्हटलेलं दत्तोबाला खपायचं नाही. चाकणजवळच्या त्या तांब्याच्या तारेच्या गोडाऊनवर बारा-बारा तासांचे दोन वॉचमन होते, आणि चोवीस तासांचा हा एक. जो सगळ्यात जास्त राबतो त्याला नावानं हाक मारायची, असं दत्तोबाचं म्हणणं. नवीन ड्रायव्हर कोणी ‘ए कुत्र्या’ म्हणाला, की त्याची गाडी गेटवर अर्धा तास उभी राहिलीच म्हणून समजा.

दिसायला जमादार काही राजबिंडा नव्हता. तांबूस अंग, एक कान फाटका, शेपूट मधूनच वाकडी. पण तो गेटात बसला, की आत पाय टाकायची कोणाची टाप नव्हती.

दत्तोबा शेजारच्याच गावचा. गोडाऊनपासून हाकेच्या अंतरावर पूर्वी त्यांचं खळं होतं. जमीन कंपन्यांत गेली, मुलगा निरंजन सुपरवायझर झाला आणि बायको-मुलीला घेऊन ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. दत्तोबाची बायको वारल्यावर त्यालाही तिकडे बोलावणं होतं. पण “सातव्या मजल्यावं पायाखाली माती न्हाई, मला न्हाई झोप लागायची,” म्हणून हा गावातच राहिला आणि साठीनंतर अंगावर वॉचमनचा निळा शर्ट चढवला. माणूस सोन्यासारखा, पण हेकट. एकदा नाही म्हणाला, की ब्रह्मदेव आला तरी नाहीच.

जमादारच्या आधी गोडाऊनवर एक कुत्री होती. गरीब बिचारी, येईल त्याच्या पायात घोटाळायची, देईल त्याचं खायची. एकदा चोरांनी भिंतीवरून मटणाचे तुकडे टाकले. सकाळी ती नळाजवळ तोंडाला फेस येऊन पडलेली, आणि तारेची बंडलं गायब. दत्तोबानं तिच्यासाठी स्वतः खड्डा खणला आणि तिथेच ठरवलं, की आता जे पिल्लू आणायचं ते एका हाताचं करायचं.

एका हाताचं म्हणजे धन्याच्या हातचं सोडून दुसऱ्या कोणाचं न खाणारं. दत्तोबाच्या वडिलांनी खळ्यावर तसंच कुत्रं ठेवलं होतं, आणि शिकवायची रीतही त्यांचीच. समाधान म्हणून जालन्याकडचा एक पोरगेला वॉचमन दुसऱ्या शिफ्टला होता. दत्तोबा ब्रेडमध्ये मिरचीचा ठेचा भरायचा आणि तो पिल्लाला समाधानच्या हातून, कधी ड्रायव्हरांच्या हातून, कधी समोरच्या चहाच्या टपरीवरच्या शालनबाईच्या हातून घालायला लावायचा. पिल्लू हावरेपणानं खायचं, मग केकाटत नाक मातीत घासायचं. तेवढ्यात दत्तोबा यायचा, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा, “घे” म्हणायचा आणि दुधात कुस्करलेली भाकरी पुढे करायचा.

“काका, पाप लागंल हो आपल्याला,” समाधान म्हणायचा.

“लागू दे. इख खाऊन मरण्यापरीस बरं.”

पंधरा दिवसांत पिल्लू शिकलं. पुढे नऊ वर्षांत जमादारनं परक्या हाताकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यापायी दत्तोबानंही नऊ वर्षांत एक दिवस सुट्टी घेतली नाही. सख्ख्या बहिणीच्या मातीला गेला, तर तिथूनही दिवेलागणीच्या आत भाकरी घालायला परत आला. लोक हसायचे. त्याला मात्र त्याचा केवढा अभिमान. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतंय, हे सुख म्हातारपणी सहजासहजी मिळत नाही हो.

ताथवड्याला नात दिव्यानं एक लॅब्राडोर पाळला होता. कॉलेज सांभाळून ती त्याला रविवारी शिकवणीला न्यायची. दिवाळीत दत्तोबा गेला, तर त्या कुत्र्यानं पुढचा पाय उचलून त्याच्या हातात दिला.

“हे चोरालाबी असंच रामराम घालंल,” दत्तोबा म्हणाला. खाली फिरवायला गेल्यावर दिव्यानं पिशवीत हात घालून कुत्र्याची घाण उचलली, तेव्हा तर तो बघतच राहिला. “आमी गाईचं शेण उचलतो बाई. कुत्र्याचं उचललेलं आज बघितलं.”

दिव्या हसली. पण घरी आल्यावर ती गंभीरपणे म्हणाली, “आबा, आमच्या मॅडम सांगतात, घरातल्या प्रत्येकानं आळीपाळीनं कुत्र्याला जेवण घालायचं. तुम्ही जमादारला बाकीच्यांच्या हातचं खायला शिकवा. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?”

“मी कुठं आजारी पडतोय?”

“समजा पडलात.”

“इमान असं वाटून न्हाई देता येत, पोरी,” दत्तोबा म्हणाला आणि चकली तोंडात टाकून विषय संपवला.

पुढच्याच चैत्रात, शालनबाईच्या टपरीवर सकाळचा चहा पिता पिता त्याच्या छातीत कळ आली आणि तो बाकावरून खाली कोसळला. समाधाननं टेम्पोत घालून त्याला पिंपरीला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी बोलायला लागल्यावर पहिला शब्द निघाला तो हाच, “जमादार जेवतो का?”

निरंजननं खाली पाहिलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पेशंटच्या मनाला धक्का बसेल असं काही सांगू नका. “जेवतो की,” तो म्हणाला. “समाधान घालतो, पोटभर जेवतो.”

दत्तोबानं डोळे मिटून घेतले. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. कसला पडतोय? त्याच्या काळजाला घरं पडली होती. नऊ वर्षं. उन्हातान्हात, तापात, सुतकात आपण भाकरी घातली आणि ह्यानं तीन दिवसांत दुसऱ्याचा हात चाटला. माणसं तसली असतात हे ठाऊक होतं, पण जमादार? भिंतीकडे तोंड करून म्हातारा गुपचूप रडला, आणि त्यानं मनाशी ठरवलं की आता त्याचं नाव काढायचं नाही.

आणि नाही काढलं. समाधान भेटायला आला. त्याला निरंजननं दारातच पढवून ठेवलं होतं.

“गेटवं समदं ठीक?” दत्तोबानं विचारलं.

“ठीक हाय काका,” समाधान म्हणाला आणि चप्पल बघत बसला. दत्तोबानं पुढे विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

आठव्या दिवशी दिव्या एकटीच आली. डोळे सुजलेले. फोन पुढे धरून म्हणाली, “आबा, एकदा ‘घे’ म्हणा ना. तुम्ही जमादारला म्हणता तसं. मी रेकॉर्ड करते.”

“कशाला?”

“असंच. म्हणा ना.”

दत्तोबाला वाटलं, पोरगी दिवाळीचं उट्टं काढतेय. तुमच्या इमानाचं काय झालं, असं विचारतेय. “ज्याला समद्यांच्या हातचं गोड लागतंय, त्याला माझा आवाज कशापायी?” एवढं बोलून त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं. दिव्या बराच वेळ तशीच फोन धरून उभी होती. मग गेली.

एक शब्द तर म्हणायचा होता. पण हेकट माणसाला सांगणार कोण?

बाराव्या दिवशी सुट्टी मिळाली. गाडीत निरंजननं विचारलं, “ताथवड्याला जाऊ या ना, आबा?”

“चल. गोडाऊनवं नको,” दत्तोबा म्हणाला.

तेव्हा मागच्या सीटवर बसलेल्या दिव्याला राहवलं नाही. “आबा, त्यानं काही खाल्लेलं नाही. तुम्ही गेल्यापासून एक घास नाही. नुसतं पाणी पितो. समाधानदादानं घालून पाहिलं, शालनबाईंनी घातलं, मी रोज येत होते. नाक फिरवून घेतो. काल डॉक्टर आणले, त्यांनी सलाइन लावलं. म्हणाले, किडन्या गेल्यात.”

निरंजननं गाडी बाजूला घेतली. मग दत्तोबा म्हणाला, “गाडी चाकणला घे.”

जमादार गेटवरच्या केबिनमध्ये दत्तोबाच्या खुर्चीखाली पडला होता. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. शेजारी डबे, वाट्या, बिस्किटं, उकडलेली अंडी, कोणी कोणी काय काय आणून ठेवलेलं. दत्तोबाची चाहूल लागली तशी त्याची वाकडी शेपूट दोनदा जमिनीवर आपटली. उठता आलं नाही.

शालनबाईनं धावत भाकरी आणि दूध आणून दिलं. दत्तोबा टाके सांभाळत कसाबसा खाली बसला, भाकरी कुस्करली, डोक्यावर हात ठेवला. “घे.”

जमादारनं मान उचलली आणि घास तोंडात घेतला. सांगितलं होतं म्हणून घेतला. गिळवला मात्र नाही. तो तसाच तोंडात धरून दत्तोबाकडे बघत राहिला.

दत्तोबानं दिव्याचा हात ओढून घेतला, तिच्या बोटांना दूध लावलं आणि तो हात जमादारच्या तोंडाशी नेला. “हिच्या हातचं खा रं. आता कुणाच्याबी हातचं खा. मी सांगतोय न्हवं.”

जमादारनं तोंड फिरवलं.

त्यानं शिकवलं ते पक्कं शिकवलं होतं. दुपारी कंपन्यांचे भोंगे व्हायच्या सुमारास जमादार गेला. भिंतीलगत जुन्या कुत्रीशेजारीच समाधाननं खड्डा खणला, कारण दत्तोबाला कुदळ उचलायची मनाई होती. माती लोटून झाल्यावर दत्तोबा दिव्याला म्हणाला, “मी त्याला बेइमान समजून बसलो गं. नऊ दिस शिव्या घातल्या मनात. आन् तो हितं माझी वाट बघत उपाशी.”

दिव्यानं त्याचा हात धरला. आम्हीच सांगायला हवं होतं, असं काहीसं ती म्हणाली. ते खरंच होतं. पण ते ऐकून त्याला बरं वाटण्यासारखं नव्हतं.

दत्तोबा आता ड्युटी करत नाही. सकाळी गावातून चालत येतो आणि गेटवर नुसता बसून असतो. श्रावणात समाधाननं एक पिल्लू आणलं, काळंपांढरं. त्याला सकाळी समाधान घालतो, दुपारी शालनबाई, गाडीवर येईल तो ड्रायव्हर, रविवारी दिव्या. कोणी विसरलं, तर दत्तोबाच आठवण करून देतो, “त्याला घाला रं कुणीतरी.” पिल्लू सगळ्यांचं खातं आणि मग त्याच्याच पायाशी येऊन बसतं. कधी मांडीवर पाय ठेवून त्याचा हात हुंगतं, बोटं चाटायला बघतं.

दत्तोबा हात मागे घेतो.