अक्काची लक्का कबुतरं

आमच्या लिंगायत घरात अंड्याला हात लावणारी पहिली बाई आज सकाळी गेली.

माझी थोरली बहीण, महानंदा अक्का. नव्वदी ओलांडली होती. हॉस्पिटल नाही, सलाईन नाही. चहा घेतला, आडवी झाली, संपलं.

सकाळपासून फोनवर सगळे एकच म्हणतायत, फार सोशिक होती हो.
साफ खोटं. अक्का हट्टी होती. तिचा हट्ट मी जवळून पाहिलाय, म्हणून ही पोस्ट.

निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतरचं वर्ष. आम्ही हुलसूरला. गावातली मुसलमानांची बरीच घरं तेव्हा बंद झाली. समोरचे करीमचाचा, शिंपीकाम करायचे, तेही गुलबर्ग्याला लेकीकडे निघाले.

जाताना त्यांनी एक लाकडी पेटी अक्काच्या पुढ्यात ठेवली. आत कबुतरांच्या दोन जोड्या. एक साधी, देशी. दुसरी पांढरीशुभ्र लक्का, पंख्यासारखी शेपटी पसरणारी.

"बेटी, ही अमानत हाय. लक्काची मादी म्हातारी झालीय. हिची पिल्लं न्हाई झाली तर ही जात गावातून गेलीच म्हन. मी येतो न्यायला."

अक्का चौदाची, मी दहाची. ती म्हणाली, "व्हय चाचा."
झालं. अक्काचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

चाचांनी रीतही सांगून ठेवली होती. लक्का दिसायला राणी, पण अंड्यांवर धड बसत नाही. दोन्ही माद्यांनी एकदम अंडी घातली की लक्काची अंडी देशीखाली ठेवायची, देशीची लक्काखाली.

पहिली अंडी आली. अप्पा शेतात गेल्यावर अक्कानं गुपचूप अदलाबदल केली. अठरा दिवसांत पिल्लं निघायला हवीत. पंचवीस झाले, नुसता वास सुटला.

दुसऱ्या वेळीही तेच.

लक्काची मादी आता पंख ओढत चालायची. फार तर आणखी एकदा अंडी घालेल, पुढे नाही, हे मलाही दिसत होतं. मी म्हटलं, मरू दे ती कबुतरं. (पेटी झाडायचं काम माझ्याकडे होतं, हे लक्षात घ्या.)
अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग बाजारच्या दिवशी ती सरळ कोंबड्या-अंडी विकणाऱ्या बाईसमोर जाऊन बसली. गळ्यात लिंग, समोर अंड्यांची टोपली, सगळा बाजार बघतोय. मी लाजेनं चार पावलं मागे.

"अंडी ठिवताना काय करायलीस?" बाईनं विचारलं.

"धुऊन, पुसून ठिवते."

"कामून धुतीस?"

"शीट लागलेली आसती. आमच्यात न धुता काय बी आत घेत न्हाईत."

बाईनं कपाळावर हात मारला. "अगं, धुतल्यावर अंडं नासंल की. शीट ऱ्हाऊ दे तशीच. कोरड्या हातानं उचल."

पिढ्यान्‌पिढ्या अंडं घरात न आलेली माणसं आम्ही. भाजी धुवावी तशी तिनं अंडी धुतली होती. दुसऱ्या वेळी तर जरा जास्तच मन लावून.

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

अप्पा ओरडले नाहीत. म्हणाले, "अंड्याला हात लावायचा आसंल तर चुलीला आन् पूजेच्या सामानाला लावायचा न्हाई. काय ते ठरीव."

"अंड्याला लावते," अक्का म्हणाली.

पुन्हा अंडी आल्यावर अठरा दिवस अक्काचं ताट गोठ्यात. तिथंच पेटीही होती. ताट मी नेऊन द्यायची आणि खिजवायची, "काय अक्का, तूच बसलीस का अंड्यावर?"

ती म्हणायची, "ताट ठेव आन् आवाज करू नगंस. मादी उठंल."

अठराव्या दिवशी देशीखाली लक्काची दोन पिल्लं निघाली. पिवळी लव, एवढी मोठी चोच, दिसायला अगदी कुरूप. अक्का रडली. मीही रडले, कबूल करते.
महिन्याभरात म्हातारी मादी गेली, पण जात राहिली.

चाचा चार वर्षांनी आले, हुमनाबादला बस बदलून. तोवर आमच्याकडे नऊ लक्का झाली होती.

अक्कानं आधी ती दाखवली नाहीत. आधी म्हणाली, "चाचा, तुमच्या मादीची चार अंडी म्या धुऊन मारली."
सांगितलं नसतं तर चाचांना कुठं कळणार होतं? पण ती अक्का होती.

चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग कबुतरांसमोर जे बसले ते बसलेच. परतीच्या बसची वेळ झाली. अक्का पेटी दोरीनं बांधायला लागली. एकेक गाठ मारायला तिनं फार वेळ लावला.

"नक्को बेटी," चाचा म्हणाले. "लेकीकडं एकच खोली हाय. छत बी आपलं न्हाई. कुठं ठिवू? म्या निस्तं बघायला आलतो."

अक्कानं अप्पांकडे पाहिलं.
चार वर्षं अप्पांचं एकच पालुपद होतं, चाचा येऊ द्या, ही घाण एकदाची जाऊ द्या.

अप्पा ओट्यावरून उठले. पेटीपाशी खाली बसले आणि दोरीच्या गाठी स्वतः सोडल्या.

"पेटी लहान पडायलीय," म्हणाले. "उद्या सुताराला बोलावतो."

अक्का, तुझ्या निम्म्यानंही मी धीट नाही. तुझा मला फार अभिमान होता. तुला एकदाही म्हणाले नाही, ते आज इथं लिहितेय.

महानंदा अक्का लिंगैक्य झाली.
धाकट्या बहिणीचा तिला शेवटचा शरणु.