एकेचाळिसावा फॉर्म

हे मी घरातसुद्धा कधी बोलले नाही. भोये सरांचा विषय निघाला की मी उठून आत जाते आणि नवऱ्याला वाटतं, बाई हळवी आहे. वाटू दे. हळवेपणा नाही तो.

आमचं कॉलेज नाशिकमधलं — नाव नको. त्या वर्षी मूल्यांकन समिती येणार होती, म्हणून सगळे फायलींच्या मागे. शिकवायचं कधी, हे कोणी विचारत नव्हतं. माझ्या वाट्याला आली ‘प्राध्यापकांसाठी ताण व्यवस्थापन’ ही फाइल. आम्हाला ताण आहे याचा पुरावा कोणाला नको होता, तो आम्ही घालवला याचा हवा होता! मग एका शनिवारी कार्यशाळा उरकली. तासभर दीर्घ श्वसन, नंतर चहा-समोसे, शेवटी अभिप्रायाचे फॉर्म. माइकवरून मीच सांगितलं — नाव लिहू नका, मोकळेपणाने लिहा.

मोकळेपणाने! कोण लिहितं हो? सगळ्यांनी ‘छान’, ‘उपयुक्त’ असंच लिहिलं. एक सोडून.

‘सकाळी बसमध्ये बसल्यापासून उतरून परत जावंसं वाटतं. शिकवता शिकवता शब्द सापडत नाहीत. पुढच्या वर्षी घेणार नाहीत, या भीतीने सांगत नाही. कोणाशी बोलावं, कृपया कळवावे.’

अक्षर मी लगेच ओळखलं. विभागाचं वेळापत्रक दर वर्षी भोये सरच लिहून द्यायचे. हरसूलहून रोज ये-जा करायचे. तासिका तत्त्वावर होते, म्हणजे दर वर्षी नव्याने मुलाखत, नव्याने धाकधूक. आणि विभागप्रमुख कोण? मी. त्यांचं टेबल माझ्यापासून किती लांब होतं — दहा पावलं?

मी ती चालले नाही. समितीने वाचलं तर? प्राचार्यांनी मलाच धारेवर धरलं तर? मी... मी तो फॉर्म फाडला. पण हजेरीवर सह्या एकेचाळीस आणि फॉर्म उरले चाळीस. मेळ बसायला नको का? म्हणून कोरा फॉर्म घेतला, दुसऱ्या पेनाने, अक्षर बदलून लिहिलं — ‘कार्यशाळेनंतर खूप हलकं वाटलं.’ आणि फाइल बंद केली.

आठवड्याने सर माझ्या दाराशी आले.

“मॅडम, ते फॉर्म वाचतं का हो कोणी?”

“कुठलं सर! फायलीला लावतात नुसते.”

“बरंय,” म्हणाले, जरासे हसले आणि तासाला गेले. मला — लाज वाटते सांगायला — सुटल्यासारखं झालं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा शिकवता शिकवता ते फळ्यासमोर थांबले. मुलं आधी हसली, मग घाबरून मला बोलवायला आली. मी गेले तर सर खडू धरून उभे, शर्ट घामाने भिजलेला, फळ्यावर अर्धंच वाक्य. हाताला धरून मी त्यांना बाहेर आणलं. त्यानंतर ते आले नाहीत. शिकवणंच सोडलं त्यांनी. आमच्यात सगळ्यात चांगलं शिकवणारा माणूस होता तो.

सर फळ्यासमोर थांबले त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे हळहळत बसले होते. पहिली मीच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल अशी — “एवढा त्रास होत होता, तर सरांनी एका शब्दाने तरी सांगायचं!”

सगळ्यांनी माना डोलावल्या.