कांद्याच्या मुळाशी धरलेलं बोट

रिठदचा जगदेव वाशीमच्या एका कॉलेजात रोजंदारीवर होता. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला मुळं फुटली की तो कांदा क्ष-किरणांच्या नळीसमोर मांडायचा, एवढंच काम. प्राध्यापक शांतीलाल शिरपूरचे जैन. कांद्याला हात लावत नसत. पण किरणांनी जिवंत पेशी कशा मोडतात, ते कांद्याच्या मुळाच्या टोकाशी फार स्वच्छ दिसतं, म्हणून कांद्यावाचून इलाज नव्हता. कांदा जगदेवनं मांडायचा, बटण शांतीलालनी दाबायचं. दोघांनी शिशाच्या पडद्यामागं थांबायचं.

किरण कमी ताकदीचे. बोटभर पाणीही ओलांडत नाहीत, असं शांतीलालनी सांगितलं होतं. जगदेवनं त्यातून एवढंच घेतलं, की यांना भ्यायचं कारण नाही.

झोतात सरळ राहावीत म्हणून मुळं दोऱ्यानं बांधायची होती. जगदेवनं एकदा बांधली, तर टोक चिरडलं. शेतात रोपं लावत आलेल्या त्याला ते सहन होईना. तेव्हापासून तो पडद्याच्या कडेनं हात घालून मुळं तर्जनीवर सरळ धरायचा. शांतीलालचे डोळे घड्याळावर असायचे.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात झोत नेमका कुठं पडतो ते पाहायला शांतीलालनी मुळांमागं फोटोचा कागद लावला. कागद धुतला, तर काळ्यावर पांढरं बोट उमटलं होतं.

"हे काय रे?"

"बोट हाय माहं."

"केव्हापासून धरून राह्यला तू?"

"पयलेपासून. तुमीच म्हनलं ना, पान्यानंबी थांबते."

शांतीलाल खाली बसले. "जिथं थांबते तिथंच सारी ताकद टाकते, जगदेव. तुझ्या कातडीत."

जगदेवनं बोट उलटसुलट केलं. "दुखत तं नाही."

"आज नाही दुखणार."

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवसांनी जखम होईल, ती काळी पडली तर बोट काढावं लागेल. तोवर वाट पाहायची.

जगदेव रोज सकाळी उजेडात बोट पाहायचा. बायको तुळसाबाई म्हणाली, "काहून पाहून राह्यले इतकं? बोट हाय का नवरी?" म्हणायची, पण स्वतःही वाकून पाहायची.

बोट तव्यावर टेकल्यासारखं लाल झालं. मग फोड आला, फुटला, ओला राहिला. शांतीलाल एसटीनं रिठदला येऊन पट्टी बदलायचे. पट्टी सुटली की तिघंही आधी रंग पाहायचे.

काळं पडलं नाही. नवी कातडी आली, पातळ, गुळगुळीत. बोट वाचलं, पण त्याला मातीची ओल कळेना. जगदेव मधल्या बोटानं ओल पाहायला शिकला.

तो कामावर परतला तेव्हा मुळं ठेवायला लाकडी खाच तयार होती. कांदा शांतीलालच्या हातात होता.

"वास येईन, भाऊ. तुमची माय घरात घेनार नाही."

"दारातच हात धुईन. तू पडद्यामागं जा."

"दाबू नका तेवढं. टोक जपा."

मुळं खाचेत बसवून शांतीलाल पडद्याआड आले. त्यांचे दोन्ही हात आत आहेत हे जगदेवनं नीट पाहिलं. मगच त्यानं स्वतः बटण दाबलं.