पप्पांनी शिकवलेला हिप ड्रॉप

थांबा, घरी पोचेपर्यंत धीर नाही, हे मला आत्ताच सांगायचंय. इंदिरा नगरहून मेट्रोत बसलेय, मांडीवर बॅग, बॅगेत तो छनछन वाजणारा पट्टा, आणि दोन्ही अंगठ्यांनी टाइप करतेय. चुका झाल्या तर सांभाळून घ्या. आज मला हिप ड्रॉप जमला. सलग आठ वेळा. आणि तो मला कोणी शिकवला हे ऐकाल तर म्हणाल, काहीही काय.

सुरुवातीपासून सांगते. ऑफिसमधल्या मैत्रिणीला बेली डान्स शिकायचा होता, एकटीला लाज वाटत होती, म्हणून तिने मलाही ओढलं. दर शनिवारी दुपारी, टेलरच्या दुकानावरचा हॉल, एक अख्खी भिंत आरसा. आम्ही सगळ्या लेगिंग आणि ढगळ टी-शर्टवर, फक्त कमरेला नाण्यांचा पट्टा. बस एवढंच. तरी घरी तो शब्द काढायची माझी हिंमत होईना. आईला सांगितलं. ती भेंडी चिरत होती, चिरतच राहिली. मग म्हणाली की शिक, पण पप्पांना मी काही सांगणार नाही, तुझं तू सांग.

मी पप्पांना सांगितलं, एरोबिक्स.

आता पप्पा कसे आहेत ते सांगते. आम्ही मूळचे नागपूरचे, पण पप्पा रेल्वेत इंजिनिअर, इथे लखनौला मानक नगरमध्ये, रेल्वेच्या रिसर्चमध्ये, त्यामुळे मी इथल्या रेल्वे कॉलनीतच वाढले. ते ओरडत वगैरे नाहीत. कमी बोलतात. आणि मला भीती त्याचीच होती, यार. मी सांगणार, ते 'अच्छा' म्हणणार आणि पेपर तोंडासमोर धरणार. मग मला कधीच कळणार नाही की मी त्यांच्या नजरेतून उतरले की नाही. म्हणून एरोबिक्स.

इकडे क्लासमध्ये माझी वेगळीच वाट लागलेली. हिप ड्रॉप म्हणजे एक पाय थोडा पुढे, टाच उचललेली, त्या बाजूची कमर वर घ्यायची आणि खाली सोडायची. तेवढंच हलायचं. बाकी शरीराने जणू काही ऐकलंच नाही, असं शांत राहायचं. माझं उलट. कमर सोडली की खांदे उडायचे, मान उडायची, पोनीटेलसुद्धा. आमच्या मॅडम पक्क्या लखनौच्या, रागावतात तेही 'आप' म्हणून. तिसऱ्या शनिवारी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, हमने तो सिर्फ़ कमर को बुलाया था. आप पूरा ख़ानदान ले आईं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. परत येताना मेट्रोत मात्र रडू येत होतं.

मॅडमनी सांगितलं होतं की घरी डोक्यावर पुस्तक ठेवून करा. तर गेल्या रविवारी सकाळी पप्पा पिशवी घेऊन सब्जी आणायला गेले, आणि मी खोलीत पट्टा बांधून उभी राहिले. हाताशी सगळ्यात जाड पुस्तक होतं पप्पांचं रेल्वेचं मॅन्युअल. ठेवलं डोक्यावर. पहिल्याच ड्रॉपला ते धाडकन खाली. क्वार्टरचं दार फुगलेलं, नीट लागत नाही, ते ढकलून पप्पा आत. हातात पिशवी, पिशवीतून मुळ्याची पानं बाहेर.

"काय करून राहिली?"

"एरोबिक्स," मी म्हणाले. कमरेला पट्टा. तो पण वाजला त्याच वेळी.

पप्पांनी मॅन्युअल उचललं, धूळ झटकली, पलंगाच्या कडेला बसले. आणि म्हणाले, परत कर.

मला वाटलं आता जमीन फाटावी. पण केलं. एकदा, दोनदा. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, कमरेकडेही नाही. गुडघ्यांकडे बघत होते, खाली वाकून. मग उठून आत गेले. मी तशीच उभी. परत आले तेव्हा हातात स्टीलचा ग्लास, अर्धा पाण्याने भरलेला.

"तुझे गुडघे जाम आहेत," ते म्हणाले. "डबा कसा चालतो? खाली रूळ खराब असला तरी वरच्या माणसाच्या चहाला धक्का नाही लागला पाहिजे. चाक हलते, स्प्रिंग दबते, डबा शांत. तू स्प्रिंगच लॉक करून ठेवली. मग झटका सरळ डोक्यात."

आणि तो ग्लास त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

दोनदा पाणी सांडलं, मानेवरून पाठीत. तिसऱ्यांदा मी गुडघे सैल सोडले, कमर खाली गेली, आणि वर काहीच झालं नाही. म्हणजे खरंच काहीच नाही. ग्लास जागेवर.

पप्पांनी मान हलवली. मग अगदी सहज आवाजात म्हणाले, "महिनाभर छनछन ऐकून राहिलो. एरोबिक्सला नाणी नाही लागत, एवढं मला समजते. सांगितलं काऊन नाही?"

मी म्हणाले की वाटलं, तुम्हाला आवडणार नाही. त्यांनी ग्लास माझ्या डोक्यावरून काढून घेतला. मग म्हणाले, "नाचाचं काही नाही वाटलं. मला घाबरते, त्याचं वाटलं."

मागून आईचा आवाज आला की आता माझीही सुटका करा, महिनाभर मी दोघांच्या मधे तोंड दाबून बसलेय. मी घाबरत विचारलं, बुद्धविहारात कुणी काकूंनी विचारलं तर? पप्पा म्हणाले, सांगू की पोरगी सस्पेंशनचं काम शिकून राहिली. आणि स्वतःच हसले. ते असे हसतात हे मी विसरलेच होते.

मग आठवडाभर रोज संध्याकाळी हॉलमध्ये मी, ग्लास, आणि टी-टेबल बाजूला सरकवून बसलेले पप्पा. ज्या पेपरची मला भीती होती ना, त्याच पेपरच्या कोपऱ्यावर त्यांनी पेनाने कमरेने फिरवायचा आठचा आकडा काढून दिला, बाण दाखवून, कुठून वळायचं ते. तो कागद मी फाडून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलाय.

तर आज. मॅडमनी मोजायला सुरुवात केली, मी पप्पांसारखी आरशात फक्त गुडघ्यांकडे बघत होते. आठ झाले. मान उडाली नाही, पोनीटेल गप्प. मॅडमनी विचारलं, किसने सिखाया? मी म्हणाले, पापा ने, रेलवे में हैं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "अगली बार ख़ानदान को भी ले आइए."

आलमबाग गेलं, आता माझं स्टेशन येईल. पप्पा खाली स्कूटर घेऊन उभे आहेत, मेसेज आलाय, फक्त एक शब्द, 'किती?' मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला ते समोरासमोर सांगायचंय, आठ. आणि थँक यू पण म्हणायचंय, जे आमच्या घरी कुणी कुणाला म्हणत नाही.

तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी? ज्या माणसापासून लपवलं, त्यानेच पुढे येऊन शिकवलं, असं? सांगा ना. तेव्हा तुम्ही काय म्हणालात त्यांना?