छत्रीच्या कापडाचा खिसा

शीतल आणि तिचे बाबा, मधुकरकाका. राहणार देवास. या दोघांना मी फसवलं — तीन वर्षांपूर्वी, वटपौर्णिमेला, दुपारची जेवणं झाल्यावर, फोनवर. परवापर्यंत हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आईला नाही, चळवळीतल्या मैत्रिणींना नाही. स्वतःला तरी धड कुठे सांगितलं होतं?

मी पत्रकं लिहिते. हिंदीत लिहिते, कारण इकडे धार-देवासला वाचणारे हिंदीत वाचतात. शाळा हिंदी, घोषणा हिंदी. मराठी आमच्या घरातली, त्यामुळे लिहिताना अडखळते आहे. अडखळू द्या. हे मराठीतच लिहायला हवं, कारण खोटं मी मराठीत बोलले होते.

तेव्हा आम्ही दोघी काय होतो ते आधी सांगते. पर्यावरणाची पदवी घेतलेल्या, रिकाम्या. तळ्यावरचे पक्षी फुकट मोजायचे, शाळांमधून फुकट बोलायचं, टेकडीवर फुकट रोपं लावायची — आणि शेवटी ग्रुप फोटो आणि प्रमाणपत्र. नोकरीच्या जाहिरातीत काय असायचं? अनुभव हवा. स्वतःची मोटरसायकल हवी. पुरुष उमेदवारांना प्राधान्य, हे छापलेलं नसायचं, मुलाखतीत कळायचं. कंपन्यांत पर्यावरणाच्या जागा निघायच्या, त्या साहेबांच्या भाच्यांनी भरायच्या. घरी मामा आला की इंदुरी थाटात म्हणायचा, "काय भिया, दुनिया वाचवून झाली असेल तर जरा चहा टाक." सगळे हसायचे. मीही हसायचे. आणि आत नुसती आग. तुम्ही कधी असं बसला आहात का घरात — शिकलेले, धडधाकट, आणि कुणालाही नको असलेले? सकाळी उठायचं कशासाठी, हेच कळेनासं होतं. मी देवाला मानत नाही, तरी त्या दिवसांत टेकडीवरच्या देवीला जाऊन हात जोडून आले होते. इतकी वेळ आली होती.

हे कारण म्हणून सांगत नाही. शीतलचीही हीच गत होती. ती खोटं बोलली नाही.

मग ती जागा निघाली. धार जिल्ह्यात, सरदारपूरच्या बाजूला गवताची रानं आहेत. तिथे पावसाळ्यात खरमोर येतो — मराठीत त्याला तणमोर म्हणतात. कोंबडीएवढा पक्षी. नर गवतातून सरळ वर उडी मारतो, क्षणभर दिसतो, पुन्हा गवतात. फार थोडे उरलेत. त्यांची पाहणी करायला महाराष्ट्रातली एक संस्था आली होती आणि तिला इथलीच एक मुलगी हवी होती. पगारी. खरी नोकरी! एकच जागा. आम्ही दोघींनी अर्ज केला, दोघींनी मुलाखत दिली. शीतलची निवड झाली. मला "पुढच्या वेळी" असं सांगितलं.

मी तिला मिठी मारली. ती मिठी खरी होती की नाही, मला आता सांगता येत नाही.

मधुकरकाकांचं शिलाईचं दुकान आहे. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या दरबाराबरोबर इकडे आलेले शिंपी. मोजकं बोलणारा माणूस. मुलगी एकटी रानात जाणार म्हटल्यावर नातेवाइकांनी त्यांचे कान खाल्ले असतील. काकांनी काय केलं? बस बदलत बदलत रानाजवळच्या मोहनखेड्याला गेले. तिथल्या धर्मशाळेत शीतल राहणार होती. ती खोली बघितली, आतून कडी नीट लागते का बघितली, आणि परत आले. वर चर्चा काही नाही. मग विजार शिवायला घेतली. ते पँटला विजारच म्हणतात.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या दुकानात होते. हे लक्षात ठेवा. मी तिथे होते.

वाळक्या गवताच्या रंगाची पँट. काका मला विचारत होते, "ताई, त्या पक्ष्याला कुठला रंग दिसत नाही, काही ठाऊक आहे का? म्हणजे पुढची त्या रंगाची शिवू." दोन्ही बाजूंना मोठे खिसे, आणि कमरेच्या आत एक चोरखिसा — जुन्या काळ्या छत्रीचं कापड लावून केलेला. पावसात फोन भिजू नये म्हणून. शीतलने ती घातली आणि मशीन आणि आरसा यांच्यामधल्या तेवढ्याशा जागेत खरमोरासारखी उडी मारून दाखवली. "बाबा, अशी मारतो! मादीला दिसावं म्हणून." काकांच्या ओठांत टाचण्या होत्या, तरी ते हसत होते. म्हणाले, "उडी मारू दे बाई त्याला, तू खाली बघून चाल. रानात जनावरं असतात."

तो माणूस आपल्या मुलीला पाठवायला तयार होता. याहून स्पष्ट कसं कळवतात?

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा. इथले शेजारी वडाची पूजा अमावास्येला करतात, पंधरवडा आधी. आम्ही मराठी बायका पौर्णिमेला. शीतल आणि मी सकाळी वडापाशी उभ्या होतो, हातात माझंच पत्रक — फांदी तोडून घरी नेऊ नका, झाडापाशी या. पत्रकाच्या खाली मी एक ओळ घुसडली होती: मुलींच्या आयुष्याचं काय करायचं ते मुलींना विचारा, त्यांच्या घरच्यांना नाही. शीतलला ती ओळ फार आवडली होती. आल्यागेल्या काकूला मोठ्याने वाचून दाखवत होती. एक काकू म्हणाली, "अगो, आधी लग्न तर करा, मग झाडाला शिकवा." शीतल म्हणाली, "काकू, आता पक्षी बघायला चाललेय. आधी तो नाचतो, मग मादी ठरवते. आपल्यात उलटंच आहे!" काकूही हसली.

मी घरी आले. जेवले. आई शेजारी वाण द्यायला गेली होती. फोन वाजला.

संस्थेचे सर होते. शीतलने अर्जात ओळखीची व्यक्ती म्हणून माझं नाव दिलं होतं. आमच्या क्षेत्रात असंच चालतं. मुलाखत, पदवी, सगळं ठीक — पण शेवटी कुणाला तरी फोन करून विचारतात, "कशी आहे हो मुलगी? टिकेल ना?" सर पुण्याकडचे. मुलाखत हिंदीत झालेली, आता मराठी ऐकून खुलले. "अरे वा, तुम्ही तर आपल्याच निघालात!" मग म्हणाले, खरं तर तुम्हाला विचारायला नको, तुम्हीही उमेदवार होतात, थोडक्यात राहिलात, दुसरं नाव तुमचंच आहे. पण इथे आमच्या ओळखीचं कुणी नाही. आणि मग: "शीतलला घरचे सोडतील ना? मागे एक मुलगी ऐन हंगामात घरच्यांनी परत नेली. सगळी पाहणी बसली."

दुसरं नाव तुमचंच आहे.

मी किती वेळ घेतला? फार नाही. एवढं मोठं पाप करायला फार वेळ लागत असेल असं वाटायचं मला.

मी म्हणाले, "खरं सांगू का सर — घरचे सोडणार नाहीत. वडील मनातून तयार नाहीत. तिला बोलता येत नाही बिचारीला."

आणि उसासा टाकला. टाकला, बरं का! सर म्हणाले, "बघा, हेच." मग आम्ही दोघांनी मिळून समाजाची कीव केली. मुलींच्या पायातल्या बेड्या, बापांची मानसिकता — माझ्याच पत्रकातली वाक्यं, एकामागून एक. चांगली वाक्यं आहेत ती. मी अजूनही वापरते.

त्यांनी शीतलला गोड बोलून नकार कळवला. "तुमच्या घरची अडचण समजली. वडिलांना दुखवू नका." ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. रडली असती तर कदाचित माझ्या तोंडून निघालं असतं — नाही, हेही खोटं. नसतं निघालं. ती म्हणाली, "बाबा मोहनखेड्याला खोली बघायला नव्हते गेले गं. संस्थेच्या लोकांना हे सांगायला गेले होते. तुला काय वाटतं?"

इथे मला दुसरी संधी होती. फोनवर तरी घाई होती. इथे ती समोर बसली होती, मला ओळखणारी, माझ्यावर विसंबलेली.

मी म्हणाले, "असेल. बाप लोक तोंडावर हो म्हणतात."

ती सरांना उलट फोन करणार होती. मी तिला थांबवलं. "नको, भीक मागितल्यासारखं दिसतं." तिने ऐकलं. माझं ती नेहमी ऐकायची.

काकांनी शपथ घेतली, मी कुणाला काही बोललो नाही म्हणून. तिने विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? तिच्या हातात माझं पत्रक होतं.

नोकरी मला मिळाली. आणि शीतलने काय केलं ऐका — ती पँट मला दिली. "निदान आपल्यातली एक तरी जाईल." मला कमरेत घट्ट होत होती. मी ती घेऊन काकांच्या दुकानात गेले. हो, गेले. काकांनी टेप लावून माझी कंबर मोजली, शिवण उसवली, आत राखून ठेवलेलं कापड सोडलं, पुन्हा शिवून दिली. छत्रीच्या खिशावर हात फिरवून म्हणाले, "फोन यात ठेव, ताई. भिजणार नाही." मी त्या पँटमध्ये सगळा हंगाम काढला. खरमोर पाहिला. गवतातून वर आला, हवेत थांबल्यासारखा झाला आणि खाली गेला. शेजारचा सोबती आनंदाने ओरडला. मला फक्त ते दुकान दिसत होतं.

त्यानंतर मी चढतच गेले. कॉलेजांत मला बोलवतात — हरित क्षेत्रात पहिली नोकरी कशी मिळवावी, यावर. मुली वह्या उघडून बसतात. मी सांगते, चिकाटी ठेवा. मी सांगते, ओळखी वाढवा. आणि मग पत्रकातली ती ओळ म्हणते, टाळ्या पडतात. शीतल एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोयाबीन तपासते, पाळीत. अजूनही कुठे जाहिरात दिसली की मला पाठवते: तुझ्या पोरींना सांग.

गेल्या महिन्यात तिचं लग्न ठरलं. ती मला इंदूरला घेऊन गेली, ब्लाउज शिवायला टाकायचे म्हणून. शिंप्याची मुलगी — लग्नाचे ब्लाउज परक्या शिंप्याकडे! मापासाठी तिने जुना ब्लाउज दिला. त्या म्हाताऱ्या टेलरने तो उलटा केला, आतली शिवण पाहिली आणि म्हणाला, "बेटा, जिसने ये सिला है, उसी से सिलवाओ ना." शीतल म्हणाली, "वो अब मेरे लिए नहीं सिलते." मग मराठीत, माझ्याकडे न बघता: "मीच शिवायला सांगत नाही त्यांना. घरात जेवायला वाढण्यापुरतं बोलतो आम्ही."

तीन वर्षं. एका घरात. माझ्या एका वाक्यामुळे.

परवा मी काकांच्या दुकानात गेले आणि सगळं सांगितलं. उभ्यानेच. त्यांनी मशीन थांबवलं नाही आधी. मग थांबवलं. मला वाटलं ओरडतील, हाकलतील. मला ते हवंच होतं, म्हणजे थोडं फिटल्यासारखं झालं असतं. त्यांनी हातातल्या कापडाची शिवण नखाने सरळ केली. मग म्हणाले, "तिला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, मीच तुझ्याकडून वदवून घेतलं." बस. पुन्हा मशीन सुरू.

काल शीतलला सांगितलं. तिच्या कारखान्याच्या फाटकासमोर, पाळी सुटल्यावर. तिने एकच विचारलं.

"आदल्या दिवशी तू दुकानात होतीस ना? मी पँट घातली तेव्हा?"

"होते."

तिने माझ्याकडे पाहिलं, ओळख पटत नसल्यासारखं. मग वळली आणि चालायला लागली. बसस्टॉपकडे नाही, दुकानाच्या दिशेने — की मला तसं वाटलं? मी मागे गेले नाही. ती तिथे पोचली का, काकांनी मान वर केली का, कपाटातून लग्नाचं कापड बाहेर आलं का — मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क मला नाही. त्या दोघांकडे मी क्षमा मागितलेली नाही, इथेही मागत नाही. सरांना मी काय केलं ते कळवलं आहे. त्यांनी काय ठरवायचं ते ठरवावं. शीतलची तीन वर्षं कुणी ठरवून परत येणार नाहीत.

पण तुमच्याकडे माझं एक काम आहे. तुम्ही मला कधीतरी मंचावर बघाल. माझी जीभ मला ठाऊक आहे, ती गप्प बसणार नाही. मी माइक धरून म्हणेन, मुलींच्या आयुष्याचं मुलींना विचारा. तेव्हा टाळ्या वाजवू नका. उभे राहा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा — वटपौर्णिमेला फोन आला होता, तेव्हा तू शीतलला विचारलं होतंस का?

आणि मी उत्तर देईपर्यंत खाली बसू नका.