वहिनींनी पाहिलेला वाघ

उन्हाळ्यात चंद्रपूरच्या दुपारी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. हौशी मंडळींच्या स्पर्धेचे फोटो नेमके त्याच दिवसांत माझ्याकडे तपासायला येतात, आणि मला ते फार आवडतं. खिडक्यांना जाड पडदे, कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास आणि अंधाऱ्या खोलीत लॅपटॉपवर एकामागून एक सरकणारं जंगल. बाहेर रस्त्यावरचं डांबर पातळ झालेलं असतं आणि माझ्यासमोर थंडीतलं धुकं असतं. थोड्या वेळानं आपण जागे आहोत की डुलकी लागली आहे, हेही धड सांगता येत नाही.

मी निवृत्त फोटोग्राफर. आयुष्यभर लग्नं काढली, बारशी काढली, पासपोर्टचे फोटो काढले आणि उरलेल्या वेळात जंगलात भटकलो. म्हणून मला परीक्षक करतात. कामाची माझी एक पद्धत आहे. पहिल्या फेरीत फोटो झरझर बघायचे, डोकं अजिबात वापरायचं नाही. दुसऱ्या फेरीत गुण द्यायचे. तिसऱ्या फेरीत प्रत्येक फोटोखाली एकदोन ओळी लिहायच्या. फोटो कुणाचा ते आम्हाला कळत नाही, नुसता क्रमांक असतो. निसर्ग विभागाचा नियम असा की चौकटीत माणूस दिसता कामा नये, आणि माणसाची खूणही नको. तार नको, रस्ता नको, जिप्सी नको. आता आमच्या जिल्ह्यांत असं जंगल शोधायचं कुठे? मोहाखाली टोपली असते, तलावाच्या पाळीवर बैल असतात. लोक बिचारे ते कापून टाकतात आणि त्या नादात वाघाचा कानही कापून बसतात. अशांवर मी जरा तिरकस लिहितो. एका वाघिणीचे तर दरवर्षी इतके फोटो येतात, की मला माझ्या नातेवाइकांपेक्षा तिचे नातेवाईक जास्त पाठ झाले आहेत.

त्या वर्षी वहिनी आमच्याकडे होत्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायको. मूल शहराच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव आहे, त्या तिथेच राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका म्हणून बजावलेलं. मग दुपारची भांडीकुंडी झाली की त्याही त्या अंधाऱ्या खोलीत येऊन माझ्या शेजारी बसायच्या, काळा चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि फोटो बघायच्या. एकदा नीलपंख आला पडद्यावर, पंख पसरलेला.

“भाऊजी, निळं एवढं निळं असते?”

“असतं.”

“मंग मी इतके वर्स काय पाहून राह्यली होती?”

मी हसलो. त्याही हसल्या. आमच्या घरात त्या काळात हसणं तसं कमीच झालं होतं, म्हणून ते लक्षात राहिलं.

दोन वर्षांपूर्वी, मोहफुलांच्या दिवसांत, माझ्या भावाला वाघानं मारलं. मोह वेचायला आमच्याकडे सहसा कुणी एकटं जात नाही. एक जण वाकून वेचतो, दुसरा उभा राहून बोलत राहतो, म्हणजे जनावराला कळतं की इथे माणसं आहेत. भावासोबत कायम वहिनी असायच्या. पण त्या वर्षी त्यांना धुरकट दिसायला लागलं होतं. भाऊ त्यांना चिडवायचा, “तू फुलं येचतं कमी अन् तुडवतं जास्त.” त्या सकाळी त्यानं हसत हसत त्यांना घरीच ठेवलं आणि टोपली घेऊन एकटाच गेला. वहिनींनी चहा मांडून ठेवला होता.

पुढे ते जनावर पकडलं गेलं, पिंजऱ्यातून दूर कुठेतरी नेलं. आमच्या घरात तेव्हापासून ‘वाघ’ हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. ‘जनावर’ म्हणायचं. गावातल्या शेजाऱ्यांनी वहिनींना सांगितलं, जिथे झालं तिथे दगड मांडा, शेंदूर लावा, त्याला हात जोडा, मन शांत होतं. त्यांच्यात ती रीत आहे. वहिनी म्हणाल्या, “आमच्यात नाई ते.” खरंच नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी दगडधोंड्याला कुणी हात जोडलेले नाहीत. मलाही त्यांचं तेव्हा पटलं होतं. पण नंतर कितीदा तरी वाटलं, की शेजारणींना रागवायला, बोलायला, रडायला एक जागा असते, आणि माझ्या या वहिनीला काहीच नाही. त्या मोहाजवळून जाताना त्या थांबायच्या आणि कुठे बघावं ते त्यांना कळायचं नाही. एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, “कोन होता, कसा होता, मले काईच मालूम नाई. एकदा पाह्याचा होता.”

मला मात्र माहीत होतं. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात आलेला त्याचा फोटो मी वनखात्याच्या ऑफिसात, टेबलावर पाहिला होता. डाव्या डोळ्यावर दोन उभे पट्टे आणि त्यांवर एक आडवा, चूल मांडावी तसे. घरी मी हे कधी बोललो नाही. बोलून काय करायचं?

तर त्या दुपारी पहिली फेरी चालली होती. हरणं गेली, मोर गेला, धनेश गेला. सागाच्या पानांतून उतरणारं ऊन गेलं. वहिनींची मान हळूहळू डोलत होती, त्यांना झोप येत होती की फोटो आवडत होते, कोण जाणे. आणि एकदम तो आला.

पहाटेचं पाणी, त्यावर धुकं. सगळं राखाडी. त्या राखाडीत पाणी पिता पिता मान वर केलेला तो, हनुवटीखाली थेंब लोंबतोय, अजून पडलेला नाही. डाव्या डोळ्यावर चूल. कुणीतरी तो पकडला जायच्या आधी, एखाद्या थंडीत काढलेला फोटो असणार. आणि तो सुंदर होता. सगळ्या स्पर्धेत त्याच्या जवळपास जाणारं काही नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं. मला त्या फोटोचा राग आला, आणि तो इतका चांगला आहे याचा त्याहून जास्त आला. मी बटण दाबून पुढे गेलो.

पुढे एक खंड्या होता. तो काही मला दिसला नाही.

“भाऊजी, तो मागचा काऊन पळवला?”

“पहिल्या फेरीत असंच बघतात, वहिनी.”

“बाकीचे तं नाई पळवले.”

मी बटणावरून बोट काढलं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

“हाच होय काय?”

खोटं बोलता आलं असतं. आमच्या जंगलांत वाघ थोडे नाहीत, दुसरा आहे म्हणालो असतो तर त्यांनी मानलं असतं. पण त्यांचा आवाज इतका साधा होता, की मला ते जमलं नाही. मी हो म्हणालो, आणि लगेच विचारलं, बंद करू का.

“मांगं घ्या.”

मी मागे घेतला. वहिनींनी चष्मा कपाळावरून काढून मांडीवर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. धुक्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. मी फोटोकडे न बघता त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या रडतील, शिव्या देतील, उठून आत जातील, असं काहीबाही मनात येत होतं. कूलरचं पाणी टपटपत होतं. बाहेरच्या जगात दुपार होती यावर माझा विश्वास बसत नव्हता. आम्ही दोघं त्या पाण्याच्या काठाशीच बसलो होतो आणि तो आमच्याकडे बघत होता.

“वाघ,” त्या म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. “सारी जिनगानी जंगलात गेली, पन वाघ म्या आजच पायला.”

मग म्हणाल्या, “याचे डोये मोठे होते का?”

मी फोटोतले डोळे मोठे केले. पडदाभर दोन पिवळे डोळे, त्यांत पाण्याची उजळ रेघ.

“आनखी.”

“आणखी केले तर फोटो फुटतो, वहिनी. काही दिसणार नाही.”

“फुटू द्या. करा.”

मी करत गेलो. एकच डोळा उरला, मग त्याची बाहुली, मग पिवळे आणि काळे चौकोन. त्या पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली. पदरानं त्यांनी ती पुसली. त्या चौकोनांत त्या काहीतरी शोधत होत्या, आणि काय ते मला समजत नव्हतं.

“तुमच्या भावाले यानंच शेवटी पायलं,” त्या म्हणाल्या. “म्या नाई पायलं. यानं पायलं.”

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. वहिनी रडत नव्हत्या. त्यांनी त्या चौकोनांवर बोट ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं, आणि मग काढून घेतलं.

“आता लहान करा,” म्हणाल्या.

मी पुन्हा पूर्ण फोटो आणला. पाणी, धुकं, थेंब.

“याले नंबर भेटते का?”

“पहिला भेटायला पाहिजे, वहिनी. पण माझ्याच्यानं याच्याखाली काही लिहवत नाही.”

“काऊन नाई लिवत? फोटो काढनाऱ्याचं का चुकलं? त्यानं काढला म्हनून मले दिसला.” त्यांनी काळा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. “लिवा, ज्यानं काढला त्याचं भलं हो.”

मी क्रमांकासमोर पैकीच्या पैकी गुण भरले, आणि खाली, परीक्षकाच्या ओळीत, त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं.